शाळेत पोलीस बसवायचा की समुपदेशक?

आमच्या सोलापुरात पालकांच्या ग्रुपवर परत तोच विषय, पाचवी ते आठवीच्या शाळेत कायमचा एक पोलीस द्या म्हणे. अमेरिकेत हे जुनंच आहे, 1950 च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट गावात सुरू झालं.

फायदा आहेच, नाही कशाला म्हणू. गेटवर टवाळखोर उभे राहणार नाहीत, आणि ऑनलाईन फसवणूक, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, हे खाकीतल्या माणसानं सांगितलं की पोरं कान देऊन ऐकतात. पण तोच पोलीस रोज व्हरांड्यात फिरायला लागला की डबा चोरला, ढकलाढकली झाली, असलं सरांनी मिटवायचं भांडण पण त्याच्याकडे जाणार, आणि बारा वर्षाच्या पोराच्या मनात आपण आरोपी आहोत हे बसलं की बसलं. आपला 2015 चा बाल न्याय कायदा बघा, त्याखालच्या नियमात मुलांशी बोलताना पोलिसानं शक्यतो साध्या कपड्यात असावं असंच आहे.

समुपदेशकाकडे दरारा नाही, खरंय. पण विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ज्या पोरीची आई दिवसभर विड्या वळते आणि बाप पिऊन येतो, ती वर्दीपुढं तोंड उघडेल का ओ? तिला दार लावून ऐकणारी एक ताई लागते, फक्त ती पाच शाळांत मिळून एक नको, नाहीतर नुसती सहीपुरती.

माझं मत विचाराल तर रोजची ताई, आणि महिन्यातून एकदा पोलीस. मधल्या काळात गरज पडली तर तातडीच्या मदतीचा 112 आणि मुलांच्या हेल्पलाईनचा 1098 आहेतच, तेवढे नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.