लंबकाचं घड्याळ: आठ महिन्यांनंतर

चावीचं, भिंतीवरचं, लंबकाचं घड्याळ. टोल्यांचा आवाज गोड, लाकूडकाम नेटकं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. बोलायचंय ते वेळेबद्दल.

पहिले तीन महिने मी नुसता लंबकाखालचा नट फिरवत होतो. नट वर चढवला की गोळा वर सरकतो, लांबी घटते, घड्याळ पुढे पळतं. माझा लंबक अर्ध्या सेकंदाचा (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा सेकंद), म्हणजे हिशोबाची लांबी साधारण 25 सेंटिमीटर. त्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दिवसाला जवळपास दीड मिनिटाचा फरक पडतो! त्यामुळे चार दिवस ठीक, मग पुन्हा मागे, आणि मध्येच चक्क बंद. दोष नटाचाच असणार, अशी माझी ठाम समजूत.

एकदा सहज खालून वर बघितलं, तर गोळा सरळ जातच नव्हता, जाता-येता किंचित पिळत होता. लंबक वर एका पोलादी पट्टीला टांगलेला असतो: कागदापेक्षा पातळ, नखाएवढी. तिच्या एका कडेला बारीक मोड पडली होती. लंबक न काढता घड्याळ हलवल्याचा प्रताप, अर्थात माझाच. बिजागरीऐवजी पट्टी वापरतात कारण ती नुसती वाकते, कुठे घासत नाही. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं 1656 मध्ये पहिलं लंबकाचं घड्याळ केलं तेव्हा त्याचा लंबक दोऱ्याला टांगलेला होता. पट्टी नंतर आली.

पट्टी बदलली. पिळणं थांबलं, पण घड्याळ मागे पडायचं ते पडतच राहिलं. पेटीवर बोट टेकवलं, तर लंबकाबरोबर तीही डोलत होती, एका खिळ्यावर लटकलेली. आधारच डोलला की लंबक जणू आणखी वरून टांगल्यासारखा वागतो, म्हणजे संथ होतो. खाली दोन स्क्रू मारून पेटी भिंतीला घट्ट केली आणि नट शेवटचा फिरवला. आता आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या आत राहतं.

उन्हाळ्यात तेवढं सुटतं. लंबकाची दांडी पितळेची, तापमान 10 अंशांनी वाढलं की ती लांबते आणि घड्याळ दिवसाला आठेक सेकंद मागे. इन्व्हारची (उष्णतेनं जवळपास न प्रसरणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची) दांडी बसवली तर हेही जाईल, पण घरच्या घड्याळाला एवढे लाड कशाला?

तक्रार एकच: सोबत एखादी जादा पट्टी द्यायला हवी होती. बाहेरून आणलेली जराशी जाड निघाली की घड्याळ पुढे पळायला लागतं आणि नटाचा खेळ पहिल्यापासून.