७२०°: खरा कस लागतो तो त्या गोल फिरणाऱ्या जॉयस्टिकशी

अटारी गेम्सचा ‘७२०°’ हा स्केटबोर्डिंगचा व्हिडिओ गेम १९८६ साली अमेरिकेतल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, आला. कॅबिनेटच्या माथ्यावर बूमबॉक्ससारखा भलामोठा स्पीकरचा डबा, त्यातून येणारं दणदणीत संगीत आणि मध्येच अंगावर येणारा आवाज: ‘स्केट ऑर डाय!’ ज्यांनी हा गेम त्या काळात खेळला, त्यांना बाकी सगळं विसरायला झालं तरी तो आवाज आठवतो, कारण तो ऐकू आला म्हणजे खेळ जवळपास संपलाच. स्केटबोर्डिंगच्या गेममध्ये याच्याइतका अवघड आणि याच्याइतका नेटका बांधलेला दुसरा सापडणं कठीण. आज तो खेळायला घेणाऱ्या बहुतेकांना मात्र तो नुसताच त्रासदायक वाटतो. दोष गेमचा नाही, हातात असलेल्या काँट्रोलरचा आहे.

आधी नावाबद्दल. ७२० अंश म्हणजे हवेत दोन पूर्ण गिरक्या. स्केटबोर्डर माइक मॅकगिलने दीड गिरकीचा मॅकट्विस्ट १९८४ मध्ये करून दाखवला होता आणि टोनी हॉकने ७२० जमवला तो १९८५ मध्ये. म्हणजे गेमचं नाव त्या वेळच्या सगळ्यात ताज्या, सगळ्यात कठीण करामतीवरून ठेवलेलं आहे. अडीच गिरक्यांचा ९०० व्हायला पुढे १९९९ साल उजाडावं लागलं. हा गेम काढणारे जॉन साल्विट्झ आणि डेव्ह राल्स्टन ‘पेपरबॉय’ या अटारीच्या आधीच्या गेममागेही होते. तिरप्या कोनातून दिसणारी वस्ती, आडवे येणारे अडथळे आणि सतत पाठीशी असलेली घाई, हे सगळं ओळखीचं वाटतं ते म्हणूनच.

खेळाची रचना सांगायला सोपी आहे. तुम्ही स्केट सिटी नावाच्या वस्तीत सुटता. वस्तीच्या कडांना चार पार्क आहेत: रॅम्प, डाउनहिल, स्लॅलम आणि जंप. पार्कात शिरायला तिकीट लागतं. रस्त्यावर, भिंतींवर, उतारांवर उड्या आणि गिरक्या मारून गुण मिळवायचे. गुणांचा ठरावीक टप्पा ओलांडला की एक तिकीट मिळतं. या सगळ्या वेळात वर टायमर उतरत असतो. तो शून्यावर आला की ती गर्जना होते आणि मधमाश्यांचा थवा मागे लागतो. थव्याचा वेग वाढतच जातो, त्यामुळे पळून सुटका नाही. हाताशी तिकीट असेल आणि पार्कचं दार गाठलंत तर वाचलात. तिकीट नसेल तर कितीही चांगलं स्केटिंग केलं तरी थवा गाठणारच.

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. ते टायमरला घाबरतात. टायमर नव्हे, खिशातलं तिकीट महत्त्वाचं. तिकीट शिल्लक असेल तर टायमर संपल्यावरही थोडा अवधी असतो, कारण थवा सुरुवातीला सावकाश येतो. म्हणून मिळालेलं तिकीट लगेच खर्च करण्याची घाई करू नका. पार्काच्या आसपास राहून वेळ असेपर्यंत गुण गोळा करा, पुढच्या तिकिटाची बेगमी करा आणि शेवटच्या काही सेकंदांत आत शिरा. स्पर्धा आटोपून बाहेर आलात की टायमर नव्याने सुरू होतो, आणि आधी जमवलेले गुण पुढच्या तिकिटाच्या वाटेवर असतातच. उलट टायमर भरलेला असताना आत गेलात तर उरलेला वेळ फुकट गेला.

चारही पार्क झाले की पुढची पातळी सुरू होते. अशा चार पातळ्या, म्हणजे एकूण सोळा स्पर्धा. झालेला पार्क त्या पातळीत पुन्हा उघडत नाही, म्हणून कोणत्या क्रमाने जायचं याला अर्थ येतो. दूरचा पार्क शेवटी ठेवला तर थवा मागे असताना अख्खी वस्ती ओलांडावी लागते, आणि बऱ्यापैकी हात बसलेल्यांचाही खेळ तिथेच आटोपतो. लांबचं आधी उरकावं, जवळचं हाताशी राखावं.

पार्कांमध्ये सगळ्यात सरस रॅम्प. हाफ-पाइपमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या अर्धगोल उतारावर, खाली येताना वेग धरायचा, कडेवरून हवेत जायचं, गिरकी घ्यायची आणि तोंड पुन्हा उताराकडे असताना उतरायचं. प्रत्येक फेरीत उंची थोडी थोडी वाढते. लोक पडतात ते गिरकी कमी पडली म्हणून नाही, जास्त झाली म्हणून. हवेत जॉयस्टिक फिरवत राहण्याचा मोह होतो आणि बोर्ड आडवा असतानाच जमीन येते. पडल्यावर वेळ तर जातोच, पण साठवलेली उंचीही जाते आणि तळापासून पुन्हा सुरुवात. तो खरा तोटा. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फक्त अर्धी गिरकी घ्या, मोठ्या गिरक्यांचं नावच काढू नका. उंची पुरेशी झाली की अर्ध्याची दीड करा. गिरकी संपवायची ती उडीच्या माथ्याच्या जरा पुढे. खाली येण्याचा उरलेला वेळ तोंड नेमकं करण्यासाठी राखून ठेवा.

जंपमध्ये उतरायचं ठिकाण झेप घेताना दिसत नाही, त्यामुळे ते पाठांतराचं काम आहे. स्लॅलमला निशाणांच्या जोड्यांमधून जायचं, तिथे वेगापेक्षा ओळ महत्त्वाची. एक जोडी हुकली तर मागे फिरू नका. डाउनहिल एकदा वाट कळली की चौघांत सोपं.

चांगल्या कामगिरीला कांस्य, रौप्य किंवा सुवर्णपदक, आणि सोबत पैसे. वस्तीत चार दुकानं आहेत: बोर्ड, बूट, हेल्मेट आणि पॅड. चारही गोष्टी खेळात खरोखर फरक पाडतात, नुसती सजावट नाही. पहिल्या पातळीत त्यांच्याशिवाय निभावतं, पुढे नाही. पण दुकानासाठी मुद्दाम वाकडी वाट करू नका. ज्या पार्काकडे निघालात त्या रस्त्यावर लागेल तेच घ्या.

आता मुख्य गोष्ट. या गेमची जॉयस्टिक दिसते जॉयस्टिकसारखी, पण ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे जात नाही. ती तिरकी बसवलेली असते आणि फक्त गोल फिरते, जात्याच्या खुंट्यासारखी. मध्यावर तिला येताच येत नाही, आणि सोडली तर जिथे सोडली तिथेच राहते. दांडा ज्या दिशेला, स्केटरचं तोंड त्या दिशेला. जमिनीवर दांडा वळवला की स्केटर वळतो, हवेत गोल फिरवला की स्केटर गिरकी घेतो. बाकी फक्त दोन बटणं: एक पायाने ढकलून वेग घ्यायचं, दुसरं उडीचं. म्हणजे हवेतल्या गिरकीसाठी वेगळी खूण किंवा बटणांची साखळी पाठ करायची नाही. हात जितका फिरला तितकी गिरकी. नंतरच्या स्केटबोर्डिंग गेममध्ये करामतींची नावं आणि संख्या भरपूर वाढली, पण हाताला इतकी थेट जाणीव देणारी गिरकी पुन्हा क्वचितच मिळाली.

आतली यंत्रणा साधी आणि हुशार आहे. दांड्याला दोन चकत्या जोडलेल्या असतात. एकीला ७२ दात, म्हणजे दर ५ अंशांना एक. ती किती फिरली ते ऑप्टिकल सेन्सर मोजतो. पण नुसत्या मोजणीवरून दांडा आत्ता नेमका कुठे आहे ते कळत नाही. एखादा दात मोजायचा राहिला तर ती चूक तशीच पुढे चालत राहते. म्हणून दुसरी चकती फक्त दोन दातांची. दांडा वरच्या मध्यबिंदूवरून गेला की ती खूण देते आणि मोजणी तिथे सुधारली जाते.

जुनं कॅबिनेट पाहायला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. दांडा वर आहे आणि स्केटर जरासा तिरपा चालतोय, प्रत्येक फेरीनंतर तो तिरपेपणा वाढतोय, असं दिसलं तर दोन दातांच्या चकतीचा सेन्सर बंद किंवा धुळीने माखलेला असण्याची शक्यता मोठी. दिशा अडखळत, उड्या मारत बदलत असेल तर ७२ दातांची चकती किंवा तिचा सेन्सर तपासा. मशीनच्या टेस्ट मोडमध्ये दांडा अगदी सावकाश एक पूर्ण फेरी फिरवून बघा. घाईने फिरवला तर दोष लपतो. दुसरी तपासायची गोष्ट पडदा. हे हार्डवेअर अटारी सिस्टिम २, आणि त्याचं चित्र ५१२ × ३८४ बिंदूंचं आहे. त्याला मध्यम रिझोल्यूशनचा मॉनिटर लागतो. इतर बहुतेक आर्केड मशीनमधला साधा मॉनिटर काढून इथे लावला तर चित्र स्थिर राहत नाही. कोणी ‘मॉनिटर बदललाय, पण चालतो’ म्हणालं तर समोर चालू करून दाखवायला सांगा. आणि मूळ जॉयस्टिकच्या जागी साधी आठ दिशांची बसवलेली असेल, तर ते कॅबिनेट बाहेरून कितीही चकाचक असो, अर्धं गेलं असंच समजा. हा भाग फक्त याच गेमसाठी बनवलेला, त्यामुळे तो मिळवणं जिकिरीचं.

घरी एम्युलेटरवर, म्हणजे जुनं मशीन संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळायचं तर मेम (MAME) या एम्युलेटरमध्ये या गेमसाठी काँट्रोलरचा प्रकार निवडण्याची सोय आहे: खरी जॉयस्टिक, अ‍ॅनालॉग जॉयस्टिक किंवा स्पिनर (नुसती गोल फिरणारी खुंटी). ही निवड न करता कीबोर्डवर सुरू केलं तर स्केटर भलतीकडेच तोंड करून फिरतो आणि माणूस पाच मिनिटांत गेम बंद करतो. स्पिनर असेल तर गिरक्यांसाठी तो उत्तम. फक्त दांड्याकडे बघून दिशा कळण्याची सोय जाते, सगळं लक्ष पडद्यावरच्या स्केटरवर ठेवावं लागतं.

अ‍ॅनालॉग स्टिकने खेळणाऱ्यांसाठी एकच नियम: स्टिक कायम कडेला टेकलेली हवी. इथे स्टिक किती ढकलली याला किंमत नाही, तिच्या कोनाला आहे. मध्याजवळ अंगठा किंचित हलला तरी कोन मोठा बदलतो, म्हणून स्केटर तिथे थरथरतो. समोरासमोरच्या दिशेला जाताना स्टिक मधून आरपार नेली तर सगळी गिरकीच हरवते. कडेकडेने अर्धवर्तुळ फिरवा. स्टिक एकदम सोडूनही चालत नाही, कारण स्प्रिंगच्या झटक्याने ती मध्य ओलांडून क्षणभर उलट बाजूला जाते आणि स्केटर अचानक पाठमोरा होतो. डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा स्टिक हलली तरी गणली न जाणारा भाग, फार लहान ठेवू नका. या गेमला तो थोडा मोठाच मानवतो.

घरगुती आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. १९८७ मध्ये कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी आवृत्त्या निघाल्या, १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या एनईएससाठी आणि १९९९ मध्ये गेम बॉय कलरसाठी. सगळ्यांची अडचण तीच. आठ दिशांच्या पॅडवर गिरकी म्हणजे ४५-४५ अंशांचे आठ धक्के, त्यात ओघ नाही. वस्ती, तिकिटं, मधमाश्या सगळं आहे. तो हात नाही. २००३ च्या ‘मिडवे आर्केड ट्रेझर्स’ या संग्रहात मात्र आर्केडचा मूळ गेम आहे. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स किंवा गेमक्यूबच्या स्टिकवर तो वरच्या नियमांनी बरा खेळता येतो. गेमक्यूबच्या स्टिकभोवतीची कड अष्टकोनी असल्याने फिरवताना प्रत्येक कोपऱ्यात बोट किंचित अडकतं, हे मात्र जाणवतं.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘स्केट ऑर डाय!’ हा वेगळाच गेम आहे. नाव या गेममधल्या आरोळीसारखं असल्याने जुन्या कार्ट्रिज घेताना गल्लत होते. हवाय तो ‘७२०°’ असेल तर लेबलावर अंशाचं चिन्ह बघून घ्या.

मत स्पष्ट आहे. मूळ दांडा असलेलं कॅबिनेट कुठे चालू स्थितीत दिसलं तर थांबा आणि खेळा. पहिले चार-पाच डाव थवा गाठेलच, सहाव्यापासून हात वळायला लागतो. स्पिनर किंवा चांगली अ‍ॅनालॉग स्टिक असेल तर घरीही घ्या, पहिला आठवडा फक्त रॅम्प आणि वस्तीतल्या छोट्या उड्यांवर घालवा. फक्त कीबोर्ड किंवा डी-पॅड (काँट्रोलरवरची दिशांची बटणं) असेल तर आधी स्टिक मिळवा, मगच याला हात घाला.