वाचन, पेटी, मल्लखांब की पतंग? आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये कोणता छंद सांगावा

बडोद्यातल्या मराठी घरांतून आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसणाऱ्या मुलामुलींना 'हॉबी काय?' विचारलं की बहुतेकांच्या तोंडून 'रीडिंग' येतं. नाहीतर 'लिसनिंग टू म्युझिक', नाहीतर 'ट्रॅव्हलिंग', म्हणजे वर्षातून एकदा नाशिकला मामाकडे. याच मुलांची बोटं जानेवारीत मांजाने चिरलेली असतात. एखादा लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात मल्लखांबावर लटकून आलेला असतो, एखादी पेटीच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेची तयारी करत असते. मग वाचनच का? "ताई, ते जरा बरं दिसतं ना!" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय.

बरं दिसण्याला या परीक्षेत गुण नाहीत. स्पीकिंग, म्हणजे परीक्षकासमोर बोलण्याचा भाग, 11 ते 14 मिनिटांचं असतं आणि गुण चार गोष्टींना मिळतात: न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही सारख्याच वजनाच्या. तुमचा छंद किती उच्च अभिरुचीचा आहे, त्याने तुमचं ज्ञान किती वाढतं, हे लिहायला परीक्षकाकडे रकानाच नाही. तेव्हा छंद निवडताना एवढंच पाहायचं, की कोणत्या विषयावर तुमची जीभ जास्त मोकळी सुटते. त्याच नजरेने मी हे चार छंद शेजारी शेजारी ठेवतेय.

त्याआधी एक खुलासा. तुम्ही पीटीई या दुसऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला बसणार असाल तर हा सगळा खल तुमच्यासाठी नाही. तिथे समोर माणूस नसतो, संगणक असतो. सुरुवातीला स्वतःची ओळख करून द्यायला 30 सेकंद मिळतात, त्यात छंद सांगितला तरी त्या ओळखीला गुण नसतात. दोन्हीपैकी कोणती परीक्षा द्यायची हेच अजून ठरत नसेल, आणि अनोळखी माणसासमोर तुमची बोबडी वळत असेल, तर हा फरक लक्षात असू द्या.

आयईएलटीएसमध्ये छंद तीन ठिकाणी भेटू शकतो. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं घर, शिक्षण, आवडीनिवडी अशा साध्या प्रश्नांची असतात. दुसऱ्या भागात हातात विषयाचं कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट, टिपणासाठी कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून चर्चा: लोकांना छंद का लागतात, पूर्वीच्या आणि आताच्या पिढीच्या छंदांत काय फरक पडला, वगैरे. पहिल्या भागात कुठलाही छंद निभावून जातो. खरा कस दुसऱ्यात आणि तिसऱ्यात लागतो.

वाचन आणि पतंग

वाचनाची अडचण अशी, की त्यात क्रियापद एकच. आय रीड नॉव्हेल्स, आय रीड न्यूजपेपर्स, समटाइम्स आय रीड ॲट नाइट. दोन मिनिटांपैकी पंचवीस सेकंद इथे संपतात आणि मग शाळेतला निबंध सुरू होतो: 'बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स, रीडिंग इनक्रीजेस अवर नॉलेज.' पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात. मधेच तुमचा सूर बदलतो, वेग वाढतो, नजर छताकडे जाते. त्यानंतर 'सध्या काय वाचताय?' असा साधा प्रश्न आला की पंचाईत.

पण हे झालं दिखाऊ वाचकांचं. तुम्ही खरंच वाचत असाल तर वाचनाइतकं भक्कम दुसरं काही नाही, आणि मराठीच वाचत असाल तरी काही बिघडत नाही. पुस्तक कोणत्या भाषेतलं, याच्याशी परीक्षेला देणंघेणं नाही. कसोटी सोपी आहे. अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकात काय घडतं ते फोनवर रेकॉर्डिंग लावून दोन मिनिटं इंग्रजीत सांगा. जमलं तर वाचनच घ्या. नाही जमलं तर सोडा.

तिसऱ्या भागात मात्र वाचनाचं पारडं सरळ जड होतं. ग्रंथालयांवर सरकारने खर्च करावा का, मुलं पडद्यावरच वाचतात ते चांगलं की वाईट, असे प्रश्न आले की बडोदेकराच्या हाताशी घरचं उदाहरण असतं. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल इथे आणले, राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, खेडोपाडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तुम्ही कधी वर गेला असाल तर त्या लोखंडी मांडण्या आणि पायाखालची काचेची जमीन आठवत असेल. खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून काच. हे एवढं वर्णन 'लायब्ररीज आर व्हेरी युजफुल'च्या दसपट बोलतं. आपल्याच गावातली गोष्ट असून आमची मुलं ती सांगत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आता पतंग. दिसायला पोरकट, पण क्रियापदांची खाण. किन्ना, म्हणजे पतंगाला दोर जोडण्यासाठीचा दोऱ्याचा बंध, कसा बांधतात ते आठवा. कामटीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडायची, दोरा ओवायचा, वरचा आणि खालचा दोर मापात आहे का ते ताणून पाहायचं, गाठ मारायची, पतंग डोक्यापाशी धरून वारा लागतोय का बघायचं, मग कुणीतरी लांब जाऊन सोडायचा. ढील, खेच, पेच, आणि कापला की 'लपेट!'ची आरोळी. हे इंग्रजीत आणायला पिअर्स, टाय, स्ट्रेच, लेट आउट, पुल, वाइंड अशी डझनभर क्रियापदं लागतात आणि एकही अवघड नाही. 'इफ' आणि 'व्हेन'ची वाक्यं तर आपोआप येतात, कारण वारा पडला तर काय, दोर अडकला तर काय, हेच सगळं असतं. फिरकी धरण्याबद्दल एका मुलीने सहज म्हटलेलं वाक्य घ्या: 'आय होल्ड द स्पूल फॉर माय ब्रदर, अँड इफ आय डोन्ट वाइंड इट फास्ट इनफ, ही शाउट्स सो लाउडली दॅट द नेबर्स लाफ.' यात व्याकरणाची दोन गुंतागुंतीची वळणं आहेत, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. हीच मुलगी वाचनावर बोलताना तिसऱ्या वाक्याला अडकत होती.

'पण फिरकी, किन्ना, मांजा त्यांना कसं कळणार?' हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. ती वस्तू काय करते ते सांगा: काचेची पूड लावलेला दोरा, दुसऱ्याचा पतंग कापायला. नेमका शब्द नसताना वळसा घालून अर्थ पोचवणं हे शब्दसंपत्तीच्या गुणांत धरलं जातं. त्यामुळे इथे अडचण कमी, फायदाच जास्त.

पतंगाचं खरं दुखणं वेगळं. तो हंगामी आहे. 14 जानेवारी, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, आणि आधीचे काही आठवडे. 'हाऊ ऑफन?' विचारलं की 'एव्हरी डे' म्हणू नका. फक्त हिवाळ्यात, पण त्या दिवसांत गच्चीवरून खाली उतरत नाही, असं सांगा. उलट ते जास्त खरं वाटतं. तिसऱ्या भागातही पतंग उघडा पडत नाही: जखमी पक्षी, दुचाकीवाल्यांच्या गळ्याला बसणारा दोर, नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये घातलेली बंदी आणि तरीही तो विकला जाणं. परंपरा जपायची की बंद करायची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

आणखी एक हिशेब बहुतेक जण करत नाहीत. कोणतं कार्ड येईल ते आपल्या हातात नसतं. 'तुमचा छंद' असं सरळ कार्ड येईलच असं नाही. घराबाहेर करायची एखादी गोष्ट, थोरांकडून शिकलेलं कौशल्य, कुटुंबासोबत घालवलेला दिवस, आवडता सण, अशा वळणाचंही काही येऊ शकतं. पतंगाची एक तयारी या साऱ्यांना पुरते. आजोबांनी किन्ना शिकवला हे कौशल्य, गच्चीवरचं उंधियू-जिलेबी हे कुटुंब. वाचन पुस्तक, ग्रंथालय, शांत जागा अशा कार्डांना जुळतं, पण धावपळीच्या कार्डांना नाही.

पेटी आणि मल्लखांब

संगीताची बडोद्यात काही वाण नाही. सयाजीरावांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली, तिचीच पुढे विद्यापीठातली सुरसागर तलावाकाठची फॅकल्टी झाली. उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगायक. म्हणून पेटी-तबला शिकणाऱ्या मुलांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. आहेच. पण परीक्षेत तेच गळ्याशी येतं. राग म्हणजे काय, सम म्हणजे काय, घराणं म्हणजे काय, हे समजावण्यात मिनिट जातं आणि बोलणं व्याख्यांच्या वहीसारखं होतं. माझा सल्ला: राग समजावूच नका. डाव्या हाताने भाता ओढताना उजव्याची बोटं कशी अडखळायची, सर न बोलता फक्त भुवई कशी उचलायचे, परीक्षेच्या दिवशी घामाने पट्ट्या कशा निसटत होत्या, ते सांगा. संगीताचा एक पक्का फायदा काळांचा. 'आय हॅव बीन लर्निंग सिन्स आय वॉज नाइन' हे वाक्य ओढूनताणून आणावं लागत नाही, आणि 'आय युज्ड टू हेट प्रॅक्टिस' हेही.

मल्लखांबात समजावण्याचं ओझं कमी. जमिनीत पुरलेला गुळगुळीत लाकडी खांब, त्यावर एरंडेल, आणि त्यावर चढून शरीराच्या कसरती: एका वाक्यात चित्र उभं राहतं. इथे कस लागतो तो क्लाइम्ब अप, स्लाइड डाउन, हँग फ्रॉम, रॅप अराउंड अशा जोड्यांचा, आणि मराठी माणूस नेमका तिथेच घसरतो. त्या आठ-दहा जोड्या आधी घोटून घ्या. दुसरी मर्यादा म्हणजे पन्नास सेकंदांत कसरती संपतात. त्यापुढे बोलायला एखादी घडलेली गोष्ट हवीच, पहिल्यांदा उलटं लटकल्याची किंवा पडल्याची. ती नसेल, नुसतं बघून आला असाल, तर मल्लखांबाच्या नादी लागू नका. पण खरंच केला असेल तर पेटीपेक्षा मी त्याला झुकतं माप देईन.

बाकीचे छंद थोडक्यात. स्वयंपाक चांगला, कारण कृती सांगताना कर्मणी प्रयोग सुटसुटीत येतो, पण भाकरवडीची कृती सांगताना प्रत्येक वाक्य 'देन'ने सुरू होतं, तेवढं सांभाळा. क्रिकेट खेळत असाल तरच घ्या. पांड्या बंधू आणि इरफान पठाण आमच्या गावचे, एवढ्यावर दोन मिनिटं निघत नाहीत. गरबा पतंगाइतकाच उपयोगी, शिवाय नऊ रात्री. प्रवास मात्र घेऊच नका. तो ठिकाणांच्या यादीवर येऊन थांबतो.

मोबाईल गेमबद्दल आया फार बिचकतात. 'असलं काही सांगू नकोस हं तिथे!' अहो, सांगू द्या. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाकडे त्याचे नियम, डावपेच, हरलेला सामना, मित्रांशी झालेलं भांडण असा ऐवज असतो आणि तिसऱ्या भागात पडद्याच्या व्यसनावर तो कुणाही शिक्षकापेक्षा जास्त जाणून बोलतो. बोलीभाषेतले गेमिंगचे शब्द तेवढे आवरावेत.

तर निवड करताना माझा क्रम असा: मनापासून वाचणाऱ्याने वाचन. इतरांनी पतंग, मल्लखांब आणि पेटी यांतलं जे हाताने केलंय ते, पहिली पसंती पतंगाला. कार्ड मिळाल्यावरच्या एका मिनिटात कागदावर वाक्यं लिहू नका, नुसती क्रियापदं एकाखाली एक मांडा. दोन मिनिटं होऊन परीक्षकाने मधेच थांबवलं तर घाबरायचं कारण नाही. त्याने गुण कापले जात नाहीत.

आणि छंदच नसेल तर? कॉलेज, क्लास, घरकाम यात दिवस जाणाऱ्या कितीतरी मुली असं प्रांजळपणे सांगतात आणि मग क्लासमध्ये मिळालेलं 'गार्डनिंग' पाठ करतात. त्यापेक्षा नाही म्हणा आणि पुढे बोला: 'नॉट रिअली ॲट द मोमेंट, बिकॉज आय हेल्प माय मदर इन द इव्हनिंग्ज. बट इफ आय हॅड अ फ्री आवर, आय वुड लर्न टू राइड अ स्कूटर प्रॉपर्ली.' असं उत्तर दिलंत तर परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुधा 'व्हाय?' असेल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नक्की असेल.