फिलाडेल्फियातलं जुन्या सोन्याच्या नाण्यांचं दुकान: वेळ काढूनच जा

1792 साली अमेरिकेची पहिली टांकसाळ ज्या सातव्या रस्त्यावर उभी राहिली, तिथून चालत जाण्याइतकं हे दुकान जवळ आहे. मालकांना गर्दी नको असते, म्हणून नाव लिहीत नाही. आधी फोन करायचा, मग बेल वाजवायची, तेव्हा दार उघडतं.

मला 1834 चं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं, म्हणजे हाफ ईगल, घ्यायचं होतं. त्याच्या आधीची नाणी माझ्या ऐपतीबाहेरची. तरी मालकांनी तिजोरीतून 1806 चं काढून माझ्यासमोर मखमलीवर ठेवलं आणि भिंग हातात दिलं. गरुडाच्या बाजूला सरळ समांतर ओरखडे दिसले. मला वाटलं कुणीतरी खराब केलंय. ते म्हणाले, हे टांकसाळीतलेच. चकती जड भरली की कानशीने घासून वजन 8.75 ग्रॅमवर आणायची आणि मग ठसा मारायचा. त्या नाण्यावर किंमतच छापलेली नाही. 1807 साली नवा साचा आला तेव्हा कुठे हाफ ईगलवर ‘5 डी’ आलं. तोवर सोन्याचं वजन हीच किंमत.

आणि तेच या नाण्यांच्या मुळावर आलं. अमेरिकेच्या कायद्यात सोनं चांदीच्या पंधरा पट, युरोपात त्याहून महाग. मग नाणी जहाजातून बाहेर जायची आणि आटवली जायची. 1834 साली कायद्याने वजन 8.36 ग्रॅमवर आणलं, कसही किंचित उतरवला. नवं-जुनं लगेच ओळखता यावं म्हणून मागचं लॅटिन बोधवाक्य काढून टाकलं. जुन्यात अर्धा ग्रॅम सोनं जास्त, म्हणजे उरलीसुरलीही मुशीत गेली. 1822 ची 17,796 नाणी पाडल्याची नोंद आहे. आज माहीत आहेत फक्त तीन. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आणि तिसरं 2021 च्या लिलावात 84 लाख डॉलरला गेलं.

हे ऐकताना मला आजीच्या पुतळ्या आठवल्या. आईने त्या आटवून पाटल्या केल्या. सराफाने वजन सांगितलं, आम्ही वजन ऐकलं, पुतळीवर काय कोरलंय ते घरातल्या एकानेही पाहिलं नाही. अजून हळहळ वाटते.

ऑनलाइन घेतलेलं एक नाणंही मी सोबत नेलं होतं. मालकांनी ते दिव्याखाली तिरकं फिरवलं. केसासारख्या बारीक रेघा, मूळची झळाळी गेलेली. कुणीतरी पॉलिश केलं होतं आणि विकणाऱ्याने ते लपवलं होतं. भिंगातून काय पाहायचं हे मला त्यांनी शिकवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

उणं सांगायचं तर कार्डावर तीन टक्के जास्त लागतात, भाव फारसा उतरत नाही आणि 1834 च्या आधीचा माल हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. पण परत करायला चौदा दिवस मिळतात, आणि बाहेर कुणी नाणं खोटं ठरवलं तर पूर्ण पैसे परत, तेही लेखी.

मी घेतलेलं 1834 चं नाणं त्यांनी माझ्यादेखत काट्यावर ठेवलं. 8.34 भरलं. दोन शतकांत खिशांमध्ये झिजलं ते एवढंच. आकडा त्यांनी पेनने बिलावर लिहून दिला.