फोन आडवा झाला की: लॉक, कॉन्फिगचेंजेस की व्ह्यूमॉडेल?

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला संकलनाचं अँड्रॉइड अ‍ॅप करून दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेसहाला सचिवांचा फोन: "भावा, मोबाइल आडवा झाला की सभासदाचं नाव जातंय बघ. लिटर तेवढं राहतंय."

निम्मं निदान त्यांनीच केलं होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) हे एडिटटेक्स्ट, म्हणजे टाइप करायचे रकाने. त्यांना आयडी दिलेला असला की आतला मजकूर अँड्रॉइड स्वतः जपतं. नाव मात्र मी सभासद क्रमांकावरून शोधून टेक्स्टव्ह्यूत, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या जागेत, टाकलं होतं. स्क्रीन फिरली की अ‍ॅपचा समोरचा पडदा, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी मोडते आणि नव्यानं उभी राहते, असं टाकलेलं नाव काही आपोआप परत येत नाही.

सगळ्यांना आधी सुचतं ते लॉक, म्हणजे स्क्रीन फिरूच न देणं. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टिमला सांगणारी फाइल) पोर्ट्रेटची, म्हणजे उभ्या स्क्रीनची, एक ओळ घातली की काम झालं. फक्त फोनवर चालणारा छोटा फॉर्म असेल तर मीही खुशाल लॉक करतो. पण संस्थेनं उद्या टॅब घेतला तर? अँड्रॉइड १६ साठी, म्हणजे एपीआय ३६ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) ला टार्गेट केलेलं अ‍ॅप असेल, तर ज्या स्क्रीनची लहान बाजू ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) किंवा जास्त आहे तिथं गेम सोडून कुणाचंच लॉक जुमानलं जात नाही. सूट मागता येते, पण एपीआय ३७ ला टार्गेट केलं की तीही संपते. शिवाय संध्याकाळी डार्क मोड आपोआप लागला तरी अ‍ॅक्टिव्हिटी नव्यानं बनतेच, तिथं लॉकचा काय उपयोग?

कॉन्फिगचेंजेस, म्हणजे हे बदल आम्हीच सांभाळू असं मॅनिफेस्टमध्ये लिहिणं, हा उपाय जास्त फसवा. ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइझ दोन्ही लिहिलं की फिरवल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी मोडत नाही, क्लायंट खूश. मात्र आडव्यासाठी केलेला वेगळा लेआउट (मांडणी) आता आपोआप लागत नाही. आणि नोंद अर्धवट ठेवून सचिव दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेले, मागं सिस्टिमनं आपली प्रोसेस मारली, म्हणजे चालू अ‍ॅप बंद केलं, की नाव पुन्हा गायब. व्हिडिओ प्लेअरला किंवा कॅमेऱ्याला हे शोभतं. फॉर्मला नको.

नोंदीच्या कामाला माझं मत व्ह्यूमॉडेलला, म्हणजे स्क्रीनचा डेटा अ‍ॅक्टिव्हिटीबाहेर धरून ठेवणाऱ्या भागाला. तो रोटेशनमधून वाचतो. प्रोसेस मेली की तोही जातो, म्हणून सेव्हडस्टेटहँडलमध्ये (प्रोसेस मेली तरी सिस्टिम जपते तो छोटा साठा) फक्त सभासद क्रमांक ठेवायचा आणि नाव रूम या फोनमधल्या डेटाबेसमधून पुन्हा आणायचं. अख्खी यादी तिथं कोंबू नका, त्या वाटेवर साधारण १ एमबीची मर्यादा आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अ‍ॅक्टिव्हिटी न ठेवण्याचं बटण आहे, ते चालू करून एकदा अ‍ॅपबाहेर जाऊन परत या. कच्चे दुवे लगेच दिसतात.

आता स्क्रोल. आडव्या फोनची उंची साधारण ३६० डीपी, त्यात कीबोर्ड वर आला की 'जतन करा' बटण दिसेनासं होतं. म्हणून फॉर्म स्क्रोलव्ह्यूत हवाच. प्रश्न खालच्या नोंदींच्या यादीचा. सरकणाऱ्या नेस्टेडस्क्रोलव्ह्यूत रिसायकलरव्ह्यू (दिसतात तेवढ्याच ओळी बनवून त्याच पुन्हा वापरणारी यादी) टाकणं सोपं, पण तिथं त्याची उंची रॅप कंटेंट, म्हणजे आतल्या मजकुराइतकी, ठेवली की सगळ्या ओळी एकदम तयार होतात. रिसायकलिंग नावालाच उरतं. वीस ओळींना चालतं, तीनशे सभासदांना अडखळतं. वर नुसतं एकूण लिटर आणि रकमेचं शीर्षक असेल तर कॉन्कॅटअ‍ॅडॉप्टर (यादीला ओळी पुरवणारे अनेक अ‍ॅडॉप्टर एकत्र जोडणारा) घालून एकच यादी करा. इनपुटचे रकाने मात्र यादीत घालू नका, ओळ वर सरकून गेली की फोकसही जातो.

मी शेवटी आडव्याला वेगळाच लेआउट दिला: डावीकडं फॉर्म, उजवीकडं यादी, दोन्ही आपापले सरकतात. एक कुरकुर उरली होती, फिरवलं की यादी पुन्हा पहिल्या ओळीवर. रूममधून डेटा यायच्या आत रिकाम्या अ‍ॅडॉप्टरवर जुनी जागा वाया जात होती. रिसायकलरव्ह्यू १.२ पासून अ‍ॅडॉप्टर रिकामा असेपर्यंत थांबण्याची स्टेट रिस्टोरेशन पॉलिसी (जुनी जागा कधी परत आणायची याचा नियम) आहे. ती एक ओळ घातली आणि यादी जागची हलली नाही.