ग्रीन बाँडच्या नावाखाली आमचे साडेसात लाख गेले

इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजानं पैसे घेणारे कर्जरोखे, काढले, तेव्हा आमचं डीमॅट खातं (असे रोखे ठेवायचं खातं) नव्हतं आणि ते राहून गेलं. २४४ कोटींचा इश्यू, वर्षाला ८.२५ टक्के व्याज आणि खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला चढवायला वीज फार लागते, तो खर्च कमी व्हावा म्हणून. आपल्याच नळाच्या पाण्यासाठी आपले पैसे लागावेत, हे मला मनापासून आवडलं होतं. ही रुखरुख मी चारचौघांत बोलून दाखवायची. तीच त्या मुलानं हेरली.

मुलगा आपल्यातलाच. रामबागेतल्या ओळखीच्या घरचा, गणपतीत आरतीला येणारा. "काकू, बाँडचा दुसरा टप्पा येतोय. जाहीर होण्याआधी थोडे युनिट आमच्या कोट्यात आहेत," म्हणाला. युद्धं चाललीत, सोनं हाताबाहेर गेलंय, एफडीचं व्याज महागाई खाते, हे सगळं तो बोलला आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. महिन्याला दोन टक्के मिळतील म्हणाला, कारण विजेबरोबर कार्बन क्रेडिटही, म्हणजे प्रदूषण वाचवल्याचे दाखलेही, विकले जातात. आधी दीड लाख दिले. तीन महिने तीन-तीन हजार वेळेवर आले. मग ह्यांची सहा लाखांची एफडी मोडली.

बँकेतली ती दुपार मला अजून दिसते. आरटीजीएसचा फॉर्म मीच भरला. पैसे घेणाऱ्याच्या रकान्यात कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं नाव होतं. महापालिकेचं नाही, सौर कंपनीचंही नाही. काउंटरवरच्या मुलीनं विचारलंसुद्धा, "आंटी, ये पहचान वाले हैं ना?" मी हो म्हणाले. घरी हिरव्या कागदावरचं सर्टिफिकेट आलं, त्यावर उठावाचा शिक्का होता, सही होती, आयसिन नंबर, म्हणजे रोख्याचा ओळख क्रमांक, नव्हता. खऱ्या बाँडला तो असतोच, बारा अक्षर-आकड्यांचा, आपल्याकडे 'आयएन'नं सुरू होणारा. आणि खऱ्या पब्लिक इश्यूत अर्ज केला तरी वाटप होईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवलेले असतात, कुणाच्या हातात जात नाहीत. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी फॉर्म तिथंच फाडला असता.

चौथ्या महिन्यात पैसे आले नाहीत. पाचव्यात फोन लागेना.

नंतर मी वही घेऊन बसले. तीस वर्षं गणित शिकवलंय, ते आधी का नाही केलं, याचा त्रास पैशांपेक्षा जास्त होतो. गच्चीवरचं एक किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, वर्षाला साधारण चौदाशे. बसवायला पन्नास-साठ हजार लागतात. युनिटला पाच रुपये धरले तरी वर्षाचे सात हजार, म्हणजे बारा-चौदा टक्के, तेही देखभाल आणि घसारा न धरता. तो देणार होता चोवीस. उरलेलं कार्बन क्रेडिटमधून येणार म्हणे! एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक किलोवॉट वर्षभर चाललं तेव्हा कुठे साधारण एक टन वाचतो, आणि सौर विजेच्या अशा एका क्रेडिटला फार तर काहीशे रुपये येतात. मग ते तीन हजार कुठून यायचे? माझ्याच दीड लाखातून, नाहीतर माझ्यानंतर भरलेल्या कुणाच्या तरी पैशातून.

तुम्हाला कुणी अशी योजना सांगितली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तपासा, तक्रारही तिथंच करता येते. परवानगीशिवाय ठेवी गोळा करणं २०१९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, तास-दोन तासांत केला तर रक्कम गोठवता येण्याची आशा असते. मी दोन महिने त्या घराच्या अब्रूचा विचार करत बसले. त्याची आई माझी मैत्रीण आहे.

आमच्या ओळखीत अकरा घरांत तो हिरवा कागद आहे. पोलिसांत गेलो फक्त चौघं. बाकीच्यांना सांगते, कागद फाडू नका, बँकेची पावती जपा आणि सोमवारी सकाळी माझ्याकडे या. मी बरोबर येते.