छत्तीस हजारांची थरथर

आधी आकडा सांगतो. ३६,००० रुपये. त्यातले २०,००० यूपीआयने, १६,००० रोख. रोखीची पावती नाही. इथंच काय ते हसून घ्या, म्हणजे पुढं मधेमधे थांबायला नको.

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. कंप, वारंवारता, हर्ट्झ हे सगळं फळ्यावर काढून दाखवतो, न समजणाऱ्याला पुन्हा समजावतो. आणि मला लुटलं ते गाडीच्या थरथरीवरून. लुटणारा माझाच विद्यार्थी, २००९ च्या दहावीच्या बॅचचा, तिसऱ्या बाकावरचा. त्याचं नाव, गावाचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे. गाडीचं नावही लिहीत नाही, कारण त्या कंपनीचा यात काही दोष नाही. २०१३ ची डिझेल गाडी, दोन वर्षांपूर्वी २,८५,००० ला जुनी घेतली, तेव्हा मीटरवर १,३८,००० किलोमीटर होते.

थरथर दिवाळीनंतर सुरू झाली. मी अगदीच बावळट नव्हतो हे सांगायला हवं, म्हणून सांगतो. एका रविवारी सकाळी बायपासच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली आणि नीट निरीक्षण केलं. घरी येऊन वहीच्या पानावर लिहिलं: "७० ला सुरू. ८० ते ८५ ला जास्त, स्टिअरिंग हातात थडथडतं. न्यूट्रल केली तरी तशीच. ब्रेक दाबल्यावर फरक नाही. उभ्या गाडीत रेस केली तर काही नाही. ९० च्या पुढं हिंमत केली नाही." ते पान अजून माझ्याकडे आहे. त्या पानात अख्खं निदान होतं हो! न्यूट्रल केल्यावर इंजिन नुसतं घुटमळत असतं, चाकं मात्र त्याच वेगानं फिरत असतात. तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चक्र) या सगळ्यांची सुटका झाली. राहिली चाकं, टायर, फार तर एक्सेल. ब्रेकला फरक नाही म्हणजे डिस्कही नाही. स्टिअरिंगमध्ये जाणवतं म्हणजे पुढची चाकं. (ही न्यूट्रलची चाचणी घाटात करू नका, आणि इंजिन बंद तर अजिबात करू नका; ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.)

गणितही केलं होतं. चाकाचा घेर साधारण दोन मीटर. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ११ वेळा फिरतं. इंजिन त्या वेळी मिनिटाला २,००० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. अकराचे ठोके हाताला धड-धड-धड असे वेगवेगळे कळतात. तेहेतीसला नुसती झिणझिणी येते. माझे ठोके मोजता येत होते.

मग एवढं कळत असून फसलो कसा? तर बॅलन्सिंगमुळं. मी आधीच चारही चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे छोटी वजनं चिकटवून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, करून घेतलं होतं, ४०० रुपयांत. फरक पडला नाही. तेव्हा माझ्याच डोक्यात बसलं की चाकांचा विषय संपला, म्हणजे माझ्या निरीक्षणातच काहीतरी चुकलंय. ही गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली नाही म्हणून आता मी ओरडून सांगतोय: मशीनवर चाक हवेत फिरतं. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटून फुगवटा आला असेल तरी वजनं चिकटवून त्याचं बॅलन्सिंग होऊ शकतं, पण गोलाई परत येत नाही. रस्त्यावर गाडीचं वजन पडलं की ते उड्या मारायला लागतं. बॅलन्सिंग झालं म्हणजे चाक चांगलं, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

फेब्रुवारीत, प्रात्यक्षिक परीक्षांच्या धांदलीत, गाडी त्याच्या गॅरेजवर नेली. आमच्या गावाहून तालुक्याला, म्हणजे १८ किलोमीटर. पोरानं हात पुसले, चार लोकांच्या देखत वाकून पाया पडला. "सर, तुमच्यामुळं इथवर आलो." चहा आला. खुर्ची आली. "ऊन कशाला खाता सर, बसा सावलीला. बघूत की."

आणि आता तो क्षण. रात्री दोन-दोनला जाग येऊन मला जो आठवतो तो.

तो गाडी घेऊन टेस्टला निघाला, मी शेजारी बसलो. गॅरेजपासून नाल्यापर्यंत गेला आणि वळून परत आला. तो रस्ता जेमतेम अर्धा किलोमीटर. दोन स्पीडब्रेकर, एक म्हैस आडवी. काटा ३० च्या पुढं गेला नाही. मी स्वतः काट्याकडे बघत होतो! ज्या वेगाला रोग दिसतो त्या वेगाला त्यानं गाडी नेलीच नाही. शर्टाच्या खिशात ते पान होतं, त्यावर "७० ला सुरू" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी ते काढलं नाही. का नाही काढलं? कारण पोरगं एवढ्या आदरानं बोलत होतं, आणि त्याच्या धंद्यात मी नाक खुपसलं असं वाटू नये म्हणून. परत आल्यावर त्यानं बॉनेट उघडलं, लांब पेचकस इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखी मान हलवली. मी म्हणालो, "अरे, पण न्यूट्रल केली तरी येते." तो म्हणाला, "सर, बॅलन्सिंग झालंय ना? मग चाकाचा विषयच नाही. फ्लायव्हील गेलंय. त्यानं क्लच खाल्ला. फाउंडेशनं पण बसलीत तिन्ही." (फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ते रबरी आधार.)

म्हणजे माझी चूक त्यानं माझ्याच गळ्यात घातली आणि मी मान पुढं केली.

हिशेब असा: फ्लायव्हील १४,५००, क्लच सेट ९,८००, तिन्ही फाउंडेशन ६,२००, गिअरबॉक्स उतरवून चढवायची मजुरी ५,५००, गिअर ऑईल १,१००. एकूण ३७,१००. "तुमच्याकडून काय घ्यायचं सर," म्हणत त्यानं १,१०० सोडले. मला त्या १,१०० चं एवढं कौतुक वाटलं की घरी येऊन बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बिल कुठंय?" बिल म्हणजे पिवळ्या कागदावर पेनानं लिहिलेले पाच आकडे. वर गॅरेजचं नाव नाही, तारीख नाही, गाडीचा नंबर नाही. सोळा हजार रोख का दिले? "माल जालन्याहून येतो सर, ते लोक रोखच मागतात." हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलं की पाकीट खिशात घाला.

जुने पार्ट मागितले होते मी. तेवढी अक्कल होती. त्यानं पोत्यात बांधून एक काळीकुट्ट क्लच प्लेट डिकीत ठेवली. "फ्लायव्हील भंगारात टाकलं सर, जड असतं." हात काळे होतील म्हणून मी पोतं सोडलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी गाडी आणली तर स्टिअरिंग शांत! ८० ला गेलो, हातात काही नाही. मी फोन करून त्याचे आभार मानले. हो, आभार. फक्त सीटखाली काहीतरी गुरगुरत होतं, मागं बसलेली मुलगी म्हणाली, "पप्पा, पायाला गुदगुल्या होतात." मी म्हणालो रस्ता खराब आहे. पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगला कळतो, मागच्याचा सीटला. ही ओळ मी स्वतः वाचलेली होती. त्यानं काय केलं असेल हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं. एवढंच काम. जॅक आणि पाना, अर्ध्या तासाचं.

कळलं ते एप्रिलमध्ये. धुळे-सोलापूर महामार्गानं संभाजीनगरला निघालो होतो, ऊन असं की डांबर चिकटावं. गेवराई गेलं, शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि मागून थाड-थाड आवाज वाढला. वडीगोद्रीच्या अलीकडं एका पंक्चरच्या टपरीवर थांबलो. पंक्चरवाले चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त टायरवरून तळहात फिरवला आणि जॅक लावला. मग म्हणाले, "मास्तर दिसता. खडू आहे का?"

होता. शिक्षकाच्या खिशात असतोच. त्यांनी एका विटेवर मनगट टेकवलं, खडूचं टोक टायरच्या नक्षीजवळ, न टेकेल इतपत धरलं आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. टायर गोल असता तर खडू एक तर कुठंच लागला नसता किंवा सगळीकडं सारखा लागला असता. इथं एकाच जागी, वीतभर लांबीची पांढरी रेघ. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच. त्या जागी हात ठेवला तर आत बेडूक बसल्यासारखा उंचवटा. "घरी जायचं का वर जायचं?" चाचांनी विचारलं. टायरच्या कडेवरचे चार अंक त्यांनी अंगठ्यानं धूळ पुसून दाखवले: २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत होती म्हणून मी ते अंक कधी पाहिलेच नव्हते. जुनी गाडी घेताना मीटरच्या आधी हे चार अंक वाचा. स्टेपनीचेही.

चाचांनी स्टेपनी लावून दिली. १०० रुपये. हेच निदान. माझ्याच खडूनं.

तिथून हळूहळू संभाजीनगर गाठलं, दोन टायर १०,८०० ला घेतले, त्या चाकाची रिम वाकलेली निघाली ती ५०० मध्ये सरळ केली. थरथर गेली ती गेलीच. मग एका दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितली. गिअरबॉक्स आणि इंजिन जोडणाऱ्या बोल्टांवर तेल आणि आपली काळी माती यांचा थर, वर्षानुवर्षांचा, वाळून टणक झालेला. एकाही बोल्टाच्या कडेला पान्याची चमक नाही. फाउंडेशनचं रबर तेच जुनं, चिरा पडलेलं. मी डिकीतलं पोतं सोडून प्लेट दाखवली. मिस्त्री हसायला लागला. "साहेब, ही तुमच्या गाडीची नाहीच. ही पिकअपची आहे. हिच्या मधल्या भोकाचे दात तुमच्या शाफ्टवर चढतच नाहीत." सगळ्याचे फोटो, व्हिडिओ काढले. ते काम चालू असताना गॅरेजमध्ये उभं राहून काढायला हवे होते.

आता साहेब लोकांचं ऐका.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज बघून हवालदार म्हणाले, "सर, चारशेवीस आता राहिलं नाही, तीनशे अठरा झालं." १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता आली आणि फसवणुकीच्या कलमाचा नंबर बदलला हे मलाही माहीत होतं, पण माझ्या छत्तीस हजारांचं काय? "हा दिवाणी मामला आहे." पोचपावतीचा शिक्का मिळायला तिसरी फेरी. चौथ्या फेरीला त्याला बोलावलं. तो आला, आणि ठाण्यात सगळ्यांसमोर पुन्हा माझ्या पाया पडला! साहेब म्हणाले, "बघा, आजकाल कोण पाया पडतं मास्तरच्या? लेकरू आहे तुमचं, मिटवून घ्या." ते लेकरू पस्तिशीच्या घरात आहे. "सर, पार्ट बदललेत मी, आई शपथ," म्हणालं आणि निघून गेलं. बोल्टांचे फोटो कुणी बघितले नाहीत. मोबाईल पुढं केला तर म्हणे प्रिंट आणा, प्रिंट आणल्या तर म्हणे यात गाडी तुमचीच कशावरून.

परिवहन कार्यालयात गेलो तर गॅरेजचा आणि आमचा संबंध नाही. नगरपरिषदेत गेलो तर आम्ही फक्त कर घेतो. कर घेतात म्हणजे गॅरेज आहे एवढं तरी मान्य झालं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि बिलाची प्रत मागितली. पिवळा कागद पाठवला. त्यावर नाव नसेल तर तेही काय करणार. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दुरुस्ती ही सेवाच आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. वकिलाशिवायही चालतं, पण मी घाबरून लावला. त्याचे ८,००० वेगळे. आतापर्यंत तीन तारखा झाल्या. पहिलीला नोटीस पोचली नव्हती, दुसरीला समोरचे गैरहजर, तिसरीला कामकाज तहकूब. प्रत्येक तारखेला माझी किरकोळ रजा जाते. स्टाफरूममध्ये विचारतात, "काय सर, आज पण फ्लायव्हील का?"

माझ्या बाजूनं भक्कम असा एकच पुरावा आहे, २०,००० चं यूपीआय. तेही बायकोनं सांगितलं म्हणून तसं दिलं होतं, नाहीतर मी सगळेच रोख मोजणार होतो. जीएसटी नसलेलं छोटं गॅरेज असेल तरी नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि कोणता पार्ट हे लिहून, सही करून देता येतं. देत नसेल तर गाडी ढकलत न्या, पण तिथं ठेवू नका. आणि मिस्त्री ओळखीचा असेल तर दुप्पट विचारा. अनोळखी माणसाला मी ते खिशातलं पान नक्की दाखवलं असतं.

फाउंडेशनं अजून जुनीच आहेत, उभ्या गाडीत आता थोडी वेगळी थरथर असते. ती सुट्टीत बदलणार, समोर उभं राहून. पिकअपची ती प्लेट पोत्यात बांधून डिकीतच आहे, पुढच्या तारखेला आयोगात न्यायची आहे. आमच्या भागात अजून कुणाकडे तसा पिवळा कागद असेल, पाच आकडे आणि वर काहीच नाव नसलेला, तर तो फाडू नका. त्याचं अक्षर मी दहावीपर्यंत तपासलंय. ४ चा आकडा तो उघडा काढतो, ते मला लगेच ओळखू येईल.